ब्रोकोली, ऐंशी सी आणि ७२ टक्के लोक: अमेरिकेतली विम्याची सक्ती घटनेत बसते का?

न्यू जर्सीत राज्याच्या टॅक्सच्या फॉर्मवर एक छोटी चौकट असते. घरातल्या सगळ्यांना वर्षभर हेल्थ इन्शुरन्स होता का? होता तर टिक मारा आणि पुढे चला, नव्हता तर सूट मिळते का बघा, तीही मिळत नसेल तर दंड भरा. माझा इन्शुरन्स नोकरीतून येतो, त्यामुळे मी दरवर्षी विचार न करता टिक मारतो. पण यंदा पुण्याहून काका आलेले, ते खुर्ची ओढून शेजारीच बसले होते, आणि काका म्हणजे जन्मभर विमा एजंट, स्कूटरवरून पेठापेठांत फिरून, लोकांकडे चार-चार कप चहा ढोसून पॉलिश्या विकलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे विमा नाही घेतला तर सरकार दंड करतं?"

"हो काका."

"अरे, मग एजंट उपाशीच मरायचे की!" स्वतःच हसले, आणि मग जरा थांबून, "आणि लोक ऐकून घेतात हे?"

तर लोकांनी अजिबात ऐकून घेतलं नव्हतं. ही न्यू जर्सीची सक्ती २०१९ पासूनची, पण त्याआधी अख्ख्या देशाला अशीच सक्ती होती, ओबामांच्या कायद्यातली, आणि तिच्यावरून जो राडा झाला तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१२ च्या फेब्रुवारीत गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने लोकांना सरळ विचारलं की प्रत्येकाने विमा घ्यायचा नाहीतर दंड भरायचा हे घटनेत बसतं का. ७२ टक्के म्हणाले बसत नाही, बसतं म्हणणारे फक्त २० टक्के. आणि हे नुसते रिपब्लिकन नव्हते हां, डेमोक्रॅट मतदारांतले ५६ टक्केसुद्धा म्हणत होते घटनाबाह्य आहे, म्हणजे ज्यांच्या पक्षाने कायदा केला तेच.

चार महिन्यांनी सुप्रीम कोर्टाने ती सक्ती टिकवली, ५ विरुद्ध ४. मग ते ७२ टक्के लोक अडाणी होते का? बरेच जण असं लिहून मोकळे होतात, मला ते पटत नाही. माझ्या मते लोक अर्धे बरोबर होते, आणि ज्या अर्ध्यात चुकले तिथे त्यांना सरकारनेच चुकवलं होतं.

आधी सक्ती मुळात कशासाठी ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत जाईल. २३ मार्च २०१० ला ओबामांनी अफोर्डेबल केअर ॲक्टवर सही केली. त्यात एक कलम असं की माणसाला आधीपासून आजार आहे म्हणून कंपनीने त्याला विमा नाकारायचा नाही आणि त्याच्याकडून जास्त हप्ताही घ्यायचा नाही. हे सगळ्यांना आवडलं, रिपब्लिकनांनासुद्धा. पण काकांसारख्या माणसाला यातली मेख एका सेकंदात कळते. नाकारताच येणार नसेल तर धडधाकट माणूस हप्ते कशाला भरेल, तो आजारी पडल्यावरच येईल ना. आपण म्हणतो तहान लागल्यावर विहीर खणतो, इथे तर खणायचीही नाही, बाकीच्यांनी वर्गणी काढून खणलेल्या विहिरीवर तांब्या घेऊन उभं राहायचं आणि कायदा सांगतो की तांब्या भरून द्या. मग वर्गणी फक्त तहानलेलेच देणार, ती वाढत जाणार, ती वाढली की अजून चार जण सोडून जाणार, आणि असं करता करता विहीरच बंद. म्हणून धडधाकट लोकांनाही आत ओढायला सक्ती.

त्यात अमेरिकेत १९८६ पासून कायदाच आहे की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, खिशात पैसे असोत नसोत, हॉस्पिटलने तपासून निदान सावरेपर्यंत उपचार द्यायचेच. चांगलाच कायदा आहे. पण ते बिल कोणावर तरी पडतंच. २००८ मध्ये विमा नसलेल्यांच्या न भरलेल्या उपचारांचा खर्च ४३ अब्ज डॉलर होता असं संसदेने कायद्यातच लिहून ठेवलं, आणि त्यापायी विमा असलेल्या कुटुंबाला वर्षाला हजार डॉलरच्या वर जादा हप्ता बसतो असंही. म्हणजे सरकारचं म्हणणं असं की विमा न घेणारा माणूस बाजाराच्या बाहेर नाहीच, तो आतच आहे, फक्त बिल शेजाऱ्याच्या नावावर फाडतोय.

आणि ही सक्तीची आयडिया मूळची डाव्यांची नाहीच. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या थिंक टँकने ती मांडली, कारण सरकारी आरोग्यसेवेपेक्षा माणसाने स्वतःची जबाबदारी स्वतः घेतलेली बरी असा त्यांचा हिशोब. २००६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये ती लागू केली मिट रॉम्नींनी, ते रिपब्लिकन गव्हर्नर. आणि २००८ ला हिलरी क्लिंटन सक्ती हवी म्हणत होत्या तेव्हा तिला विरोध कोण करत होतं? ओबामा! दोन वर्षांत सगळ्यांनी बाजू बदलल्या, एवढ्या सफाईने की खो-खोची टीम लाजेल. त्यामुळे लोकांच्या मतात पक्षाचा झेंडा किती आणि घटना किती हा प्रश्न पोलच्या आकड्यांच्या आधी विचारून घ्यावा.

आता घटनेचा भाग, हा जरा सावकाश वाचा. आपल्याकडे घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून, आणि ज्या विषयाचं नाव कुठेच नाही तो केंद्राकडे जातो. अमेरिकेत उलटं आहे. केंद्राला म्हणजे काँग्रेसला, तिथल्या संसदेला, मोजके अधिकार लिहून दिलेत आणि उरलेलं सगळं राज्यांचं. त्यामुळे मॅसॅच्युसेट्सने सक्ती केली तेव्हा हा वाद आलाच नाही, राज्य करू शकतं. पण वॉशिंग्टनने तेच केलं की पहिला प्रश्न, कुठल्या अधिकारात? सरकारने बोट दाखवलं कॉमर्स क्लॉजकडे, म्हणजे राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियम करायचा अधिकार.

हा अधिकार किती ताणला गेलाय ते बघायचं तर ओहायोच्या एका शेतकऱ्याची केस आहे, १९४२ ची. रॉस्को फिलबर्न. सरकारने गव्हाचा भाव पडू नये म्हणून प्रत्येकाला पेरणीची मर्यादा घातलेली, ह्याला ११.१ एकर ठरवून दिले होते, ह्याने पेरला २३ एकर. दंड झाला. तो म्हणाला अरे जादाचा गहू मी घरी खायला, कोंबड्यांना घालायला ठेवला, विकला कुठे, आणि विकलाच नाही तर व्यापार कसला? सुप्रीम कोर्ट म्हणालं तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाहीस, तुझ्यासारखे हजारो निघाले तर देशाच्या बाजारावर परिणाम होणारच. दंड कायम. तेव्हापासून कायद्याच्या वर्तुळात असंच धरून चालायचे की केंद्र आर्थिक विषयात जवळजवळ काहीही करू शकतं. २००९ मध्ये एका पत्रकाराने संसदेच्या खालच्या सभागृहाच्या तेव्हाच्या स्पीकर नॅन्सी पलोसींना विचारलं की सक्तीला घटनेचा आधार काय, तर त्यांनी उलट विचारलं, तुम्ही हे खरंच सीरियसली विचारताय का?

पण कायद्यावर सही झाली त्याच दिवशी १४ राज्यं कोर्टात गेली, पुढे एकट्या फ्लोरिडाच्या केसमध्येच २६ राज्यं जमली, आणि त्यांचा मुद्दा बघा किती साधा होता. फिलबर्नने निदान गहू पेरला तरी होता! काहीतरी केलं म्हणून त्याला नियम लागला. इथे माणूस काहीच करत नाहीये, घरी बसलाय, आणि तू काहीच करत नाहीस म्हणून सरकार त्याला धरतंय. चालू असलेल्या धंद्यावर नियम घाला, पण धंद्यात उतरच अशी जबरदस्ती कशी करणार?

आता ७२ टक्के लोकांना फिलबर्न माहीत होता का? शक्यच नाही. पण 'मी काहीच केलं नाही तरी?' हा प्रश्न ज्याला त्याला स्वतःहून सुचतो, काकांनापण तोच सुचला. गाडीचा इन्शुरन्स सक्तीचा आहेच की, असं मी म्हटलं तर म्हणाले, "गाडी घेतली तर. नको असेल तर नको घेऊ गाडी. इथे काय, जन्माला येऊ नको म्हणायचं?" कोर्टातल्या वकिलांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं नव्हतं हो, फक्त पानं जास्त लागली.

तरी पण पोलचा आकडा जसाच्या तसा गिळू नये. लोकांना 'घटनेत बसतं का' विचारलं की बरेच जण 'मला आवडतं का' याचंच उत्तर देतात. त्याच काळात कायझर फॅमिली फाउंडेशन सतत पाहण्या घेत होतं आणि त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांना सक्ती नावडती होती. पण मग त्यांनी त्याच लोकांना एकच वाक्य जोडून सांगितलं, की बहुतेकांना विमा नोकरीतूनच मिळतो, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही करायचंच नाही. लगेच सक्ती बरी वाटणारे साठ टक्क्यांच्या आसपास! आणि उलट सांगितलं की काहींना न परवडणारा विमा घ्यावा लागेल, की विरोध अजून वाढायचा. घटना तीच, कलम तेच, एका वाक्याने मत इकडचं तिकडे. याचा अर्थ लोक बिनबुडाचे असा मी घेत नाही, याचा अर्थ असा की त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. 'विम्याची सक्ती' एवढे दोन शब्द ऐकून मत दिलेलं होतं.

दुसऱ्या टोकाला तज्ज्ञ. निकालाच्या आधी ब्लूमबर्गने मोठमोठ्या लॉ स्कूलच्या घटनेच्या प्राध्यापकांना विचारलं, २१ जणांनी उत्तर दिलं, त्यातले १९ म्हणाले आजवरच्या निकालांप्रमाणे सक्ती टिकायला हवी. पण कोर्ट टिकवेल का म्हटल्यावर हो म्हणणारे फक्त ८. म्हणजे प्राध्यापकांना कायद्याची खात्री होती, न्यायाधीशांची नव्हती! सामान्य लोकही याबाबतीत भोळे नव्हते, न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएसच्या पोलमध्ये तीन चतुर्थांश लोक म्हणत होते की न्यायाधीशांच्या निकालात कधीकधी त्यांची स्वतःची नाहीतर राजकीय मतं येतातच.

मार्च २०१२ मध्ये तीन दिवस सुनावणी चालली. तिथे न्यायमूर्ती स्कालियांनी ती ब्रोकोली काढली. खायला तर सगळ्यांनाच लागतं, मग खाण्याचा बाजार म्हटलं की सगळेच बाजारात, मग उद्या सरकार ब्रोकोली विकत घ्यायची सक्तीपण करू शकतं का? सरकारी वकील डोनाल्ड व्हेरिली यांनी उत्तर दिलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, ब्रोकोली राहिली. निकालपत्रातसुद्धा तिने जागा पटकावली. मला स्वतःला हा युक्तिवाद जरा ओढूनताणून वाटतो, ब्रोकोली न खाणाऱ्याचं बिल माझ्यावर येत नाही, आणि कुठली संसद असा कायदा करून पुन्हा निवडून येईल? पण पोलच्या ७२ टक्क्यांमागची जी धाकधूक होती, की यांना आज हे करू दिलं तर उद्या कुठे थांबतील, ती एका भाजीत मावली हे मान्य करायला हवं.

पण माझ्या मते खरी मेख त्याच्या आदल्या दिवशी होती. सोमवारी सरकार कोर्टात सांगत होतं की हा दंड म्हणजे टॅक्स नाही. का, तर जुना कायदा आहे की टॅक्स भरायच्या आधी त्याविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, आणि सरकारला तर निकाल लगेच हवा होता. मंगळवारी तेच सरकार सांगणार होतं की घटनेच्या दृष्टीने हा टॅक्सच आहे. न्यायमूर्ती अलिटोंनी हे तिथल्या तिथे बोलून दाखवलं, आज टॅक्स नाही म्हणताय, उद्या येऊन टॅक्स आहे म्हणणार.

२८ जूनला निकाल. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स वाचायला लागले आणि पहिला भाग असा की कॉमर्स क्लॉजखाली ही सक्ती चालणार नाही, काही न करणाऱ्याला बाजारात ढकलता येत नाही. सीएनएन आणि फॉक्स न्यूजने एवढं ऐकून 'सक्ती रद्द' अशी बातमी फोडलीसुद्धा. पुढचं वाचायला धीर नको का! पुढे होतं की तरीपण हा दंड टॅक्स म्हणून टिकतो. उजव्या बाजूचे चार न्यायमूर्ती आणि रॉबर्ट्स मिळून कॉमर्स क्लॉजच्या मुद्द्यावर सरकार हरलं, आणि डावीकडचे चार आणि तेच रॉबर्ट्स मिळून टॅक्सच्या मुद्द्यावर जिंकलं.

काकांना हे काही केल्या पचेना. "दंडाचा टॅक्स कसा होतो रे? उद्या सिग्नल तोडल्याचा टॅक्स म्हणतील."

मी म्हटलं, काका, तुमचा सगळ्यात जास्त धंदा कुठल्या महिन्यात व्हायचा?

"मार्च."

का?

"ऐंशी सी."

बस, तेच. मार्च आला की लोक घाईघाईने पॉलिसी काढायचे कारण नाही काढली तर टॅक्स जास्त पडायचा. त्याला कोणी सक्ती म्हणालं का कधी? घ्या नाहीतर जास्त भरा, मर्जी तुमची. रॉबर्ट्सनी साधारण असंच लावलं. हा पैसा टॅक्स रिटर्नबरोबर भरायचा, गोळा करणारी टॅक्सचीच माणसं, रक्कम बहुतेकांसाठी विम्याच्या हप्त्यापेक्षा कमी, नाही भरली तर जेल नाही, घरावर बोजा नाही. कायद्यात शब्द 'दंड' असला म्हणून काय झालं, वागतोय टॅक्ससारखा. पुढे २०१६ ला तो मोठ्या माणसामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, एवढा झाला होता.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग पहिल्यापासून टॅक्स का नाही म्हणाले?"

आणि इथेच मी वर म्हटलं ते, की लोकांना सरकारनेच चुकवलं. कारण टॅक्स म्हटलं असतं तर कायदा पास झाला नसता. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामांना टीव्हीवर थेट विचारलं होतं की ही टॅक्सवाढ नाही का, आणि त्यांनी ते साफ नाकारलं होतं. लोकमत टॅक्सच्या विरोधात जाईल म्हणून 'सक्ती' आणि 'दंड' हे शब्द घेतले, त्या शब्दांनी लोकमत अजूनच बिथरलं, आणि शेवटी कोर्टात जीव वाचवला तो लपवलेल्या शब्दानेच. लोकांना कधी विचारलंच नाही की बाबांनो विमा नसेल तर थोडा जास्त टॅक्स चालेल का. विचारलं ते सक्तीबद्दल, आणि नुसत्या सक्तीबद्दल ७२ टक्के जे म्हणाले तेच पाच न्यायमूर्तीही म्हणाले.

निकालानंतर गॅलपने पुन्हा विचारलं, निकाल पटला का? ४६ टक्के हो, ४६ टक्के नाही. अगदी काट्यावर. प्यू या संस्थेच्या पाहणीत तर ३० टक्के लोकांना कोर्टाने काय ठरवलं तेच माहीत नव्हतं आणि १५ टक्क्यांना वाटत होतं कायदा उडाला, बहुतेक त्यांनी टीव्ही पहिली दोन मिनिटंच बघितला असणार. आणि सगळ्यात बोलका आकडा सुप्रीम कोर्टाबद्दलचा. कोर्टाचं काम आवडतं म्हणणारे रिपब्लिकन काही महिन्यांत ५० वरून २९ टक्क्यांवर आले, आणि डेमोक्रॅट ४६ वरून ६८ वर गेले. एकूण आकडा जवळपास तेवढाच राहिला, फक्त टाळ्या वाजवणारे बदलले. नावाचा पण असाच घोळ, २०१७ मध्येसुद्धा एका पोलमध्ये ३५ टक्के लोकांना ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट एकच आहे हे माहीत नव्हतं.

त्याच वर्षी ट्रम्प आल्यावर रिपब्लिकन कायदा उखडायला निघाले, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा गॅलपमध्ये कायदा आवडणारे निम्म्याच्या वर गेले, ५५ टक्के. हातातून जायला लागल्यावर किंमत कळली. अख्खा कायदा काही उडाला नाही, पण डिसेंबर २०१७ च्या टॅक्स कायद्यात दंड शून्य करून टाकला, २०१९ पासून. सक्तीचं कलम कायद्यात तसंच, दंड शून्य डॉलर. मग टेक्सास वगैरे राज्यं पुन्हा कोर्टात, की पैसाच येत नसेल तर टॅक्स कसला, आणि टॅक्स नाही तर कलम घटनाबाह्य, आणि कलम गेलं तर अख्खा कायदा गेला. खालच्या एका न्यायाधीशाला हे पटलंसुद्धा. पण जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की शून्य दंडाने तुमचं नुकसान काय झालं ते आधी दाखवा, नुकसान नाही तर तक्रार करायचा हक्क नाही. घटनेचा प्रश्न त्यांनी सोडवलाच नाही, बाजूला ठेवला.

म्हणून आता देशभरात दंड नाही, पण न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि खुद्द वॉशिंग्टन डीसी इथे स्थानिक दंड आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आपली मराठी मंडळी नोकरी बदलताना मधले महिने विम्याशिवाय काढतात आणि पुढच्या एप्रिलला ह्याच चौकटीपाशी येऊन अडकतात, तेव्हा त्यांना कळतं की असलं काही आहे.

मी टिक मारली. काकांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. "माझं नाव कुठाय ह्यात?"

"तुम्ही नाही काका ह्यात, तुम्ही पाहुणे. तुमच्यावर सक्ती नाही."

"मग माझा तो ट्रॅव्हल इन्शुरन्स कशाला काढलास? मी नको म्हणत होतो तरी? मला काय धाड भरलीये?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांना विमा विकलेला माणूस. मी काही बोललो नाही, सबमिट दाबलं.